द्वारकाबाईंची हजेरी

द्वारकाबाई गवसाने यांचं पत्र आलं, तेव्हा मी अंगणात खुर्ची टाकून एका जुन्या शब्दकोशाचा सुटलेला पुठ्ठा डकवत बसलो होतो. हात खळीने बरबटले होते, म्हणून पोस्टमनने ते आंतरदेशीय पत्र माझ्या मांडीवरच ठेवलं. अक्षर लगेच ओळखलं. सातवीला शाळा सुटलेल्या आणि तिशीनंतर पुन्हा पेन हातात धरलेल्या बाईचं अक्षर. प्रत्येक शब्दावर वेगळी, ठासून मारलेली रेघ.

पत्र लहानसं होतं. भावाकडे राहते, शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवते, गुडघे धरतात, तुमची तब्येत कशी आहे. मग खाली थोडी जागा सोडून लिहिलं होतं :

‘सर, एक विचारायचं होतं. रागावू नका. कोरेवाडीच्या रामलिंगच्या वेळी माझं जे चुकलं, तो धडा आपल्या वर्गात कुठल्या दिवशी झाला? माझ्या वहीत सापडत नाही. वही चार वेळा बघितली. त्या दिवशी मी आले नव्हते का? हजेरीपुस्तक बघून तेवढं कळवा.’

उत्तर दोन ओळींत मावलं असतं. ते पाठवायला मला एकोणीस वर्षं लागली.

गावाचं नाव लिहीत नाही. बालाघाटच्या डोंगराखालचं ते तालुक्याचं गाव, एवढं पुरे. तिथल्या कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवत असे. शिकवत असे म्हणजे पुस्तकातलं फळ्यावर उतरवत असे. माणसांशी बोलायची मला पहिल्यापासून धास्ती; त्यांच्याविषयी वाचायला मात्र आवडायचं. निवृत्तीला पाच वर्षं उरली होती. तीन-चार वर्षांपूर्वी बोराडे नावाच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गावाबाहेर, बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात, व्यसनमुक्ती केंद्र काढलं होतं. खेड्यापाड्यांत जाऊन दारू सोडवण्याचं आणि आरोग्याचं काम करतील अशी माणसं तयार करायची, त्यांच्यासाठी वर्षाचा वर्ग चालवायचा, असं त्याच्या मनात आलं. त्यासाठीचं पुस्तक इंग्रजी होतं.

“सर, तुम्हीच ते मराठीत करा आणि तुम्हीच शिकवा,” तो म्हणाला.

“अरे, मी आयुष्यात दारूचा गुत्ता बाहेरूनसुद्धा नीट बघितलेला नाही.”

“म्हणून तर, सर. ज्यांनी बघितलाय ते वर्गात बसणार आहेत.”

तीनदा मी नाही म्हणालो. चौथ्यांदा नाही म्हणायला जी हिंमत लागते, ती माझ्यात नव्हती.

वर्गात बाराजण होते. पाच पुरुष स्वतः दारू सोडून दोन-तीन वर्षं झालेले, बाकी बायका. सगळे सतरंजीवर बसत. पहिल्याच दिवशी मी अर्धा तास बोललो आणि थांबलो, तेव्हा पुढच्या ओळीतून आवाज आला, “सर, आम्ही खाली बसलोय. वर फक्त पाल हाय.”

वर्ग हसला. मी खरोखरच आढ्याकडे बघून बोलत होतो. बोलणारी बाई तोंडाला पदर लावून ओशाळली होती. त्या द्वारकाबाई.

चौतिशीच्या असतील. नवरा टँकरवर ड्रायव्हर होता. पिऊन पिऊन जलोदर होऊन छत्तिसाव्या वर्षी गेला. त्यानंतर त्या बाहेरून दहावीला बसल्या आणि दुसऱ्या खेपेला पास झाल्या. वर्षअखेरीचं प्रमाणपत्र मिळालं की केंद्र त्यांना पाच गावांचं काम देणार होतं. भावाच्या घरातून स्वतःच्या घरात जायचं, तर त्यांच्यापाशी तो एकच रस्ता होता. पण त्या रस्त्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. बोलत त्या वेगळंच.

“सर, हे असं कुणी घरी येऊन आमच्या मालकांना सांगितलं असतं तर?”

“काय?”

“हेच. तुम्ही शिकवताय ते.”

मी पान उलटलं.

मार्गदर्शिका मी जूनमध्ये पुरी केली होती. झेरॉक्स काढून, स्पायरल बांधून प्रत्येकाला एक दिली. भाषांतरच होतं ते, पण चौथ्या धड्यात एक वाक्य माझं स्वतःचं होतं : ‘उद्यावर ढकललेला निश्चय हा निश्चय नव्हे.’ वर्गाला ते फार आवडलं. दारू सोडलेल्यांपैकी एकाने ते गेरूने गोदामाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून काढलं. येता-जाता माझी नजर तिकडे जायची आणि मी ती चटकन काढून घ्यायचो, कुणी पाहील म्हणून.

फेब्रुवारीत परीक्षेच्या गृहभेटी सुरू झाल्या. शिकणाऱ्याने एका घरात जायचं, पिणाऱ्या माणसाशी आणि घरच्यांशी बोलायचं. शिक्षकाने मागे बसायचं, बोलायचं नाही, हा नियम. नियम माझ्यासाठीच केल्यासारखा होता. द्वारकाबाईंच्या वाट्याला कोरेवाडी आली. वार रविवार.

रामलिंग देवकते गवंडी होता. वय चाळिशीच्या आत-बाहेर. आम्ही गेलो तेव्हा ओसरीवरच्या बाजेवर बसला होता, आणि त्याची बायको जनाबाई आत चुलीपाशी होती.

“या. आल्या का दारूवाल्या बाई?” तो म्हणाला.

“दारू सोडवणाऱ्या!” जनाबाई आतून ओरडली.

“त्येच की. आन् हे कोण? डाक्टर?”

“आमचे सर हायेत,” द्वारकाबाई म्हणाल्या. “ते काही बोलणार न्हाईत.”

“मग बसू द्या. बोलणारी एक हाय आमच्या घरात. गाव पुरं पडंना तिला.”

द्वारकाबाई बाजेसमोर खाली भुईवर बसल्या. दारूचं नावच काढलं नाही त्यांनी. घराच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

“ही तुम्हीच बांधली?”

“मग काय सासऱ्यानं?”

“ओळंबा लावून?”

“आपल्याला लागत न्हाई वळंबा. डोळा हाय.” तो खुशीत आला. “त्या देवळाच्या वट्याला बघा जावा. बारा वर्षं झाली, चीर न्हाई.”

“आन् आता?”

त्याने उजवा हात पुढे धरला. हात स्थिर होता.

“आता बरा हाय, बघा. सकाळी मातुर असा न्हाई. डोळा उघडला की पयलं पोटात जावं लागतंय, तवा थापी धरता येती. न्हाईतर थापी हातातनं उडती.”

“किती वर्षं असं?”

“सकाळचं? सात-आठ झाली की.”

“मधी कधी सुटली न्हाई?”

“एकदा पोलिसांनी दोन रोज आत बसवलं हुतं. गुरावानी तडफडलो. हवालदारच भ्याला आन् त्यानंच आणून पाजली.”

“हवालदार देवमाणूस!” जनाबाई आतून म्हणाली. तिघंही हसली. मीसुद्धा हसलो. वहीत मी लिहिलं : ‘विश्वास संपादन करण्याचं कौशल्य उत्कृष्ट.’

मग द्वारकाबाईंनी आपल्या नवऱ्याचं सांगितलं. आवाज न चढवता, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. दिवाळीपासून सोडतो म्हणायचे. दिवाळी गेली की संक्रांतीपासून. पोटात पाणी झालं तेव्हा म्हणाले, बरा होऊन घरी गेलो की सोडतो.

“रामलिंगभाऊ, आमच्या पुस्तकात एक वाक्य हाय. उद्यावर ढकललेला निश्चय हा निश्चय नव्हे.”

रामलिंगने ते पुन्हा म्हणायला लावलं. मग विचारलं, “कुणी लिवलंय?”

“सरांनी.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. पण खरं लिहायचं तर मला त्या क्षणी फार आनंद झाला. बत्तीस वर्षं शिकवलं, माझं वाक्य कुणी असं पुन्हा म्हणवून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

“मग उद्या कशाला?” रामलिंग उठला. “जने, देव्हाऱ्यातला भंडारा आण. बेल हाय का बघ.”

जनाबाई धावत बाहेर आली. पिठाचे हात तसेच. तिला वाटलं थट्टा करतोय. पण त्याने पाय धुतले, बेल-भंडारा तळहातावर घेतला आणि खंडोबाची आण घेतली. आजपासून थेंब पोटात जाणार नाही. गेला तर देवानं बघून घ्यावं. कपाळभर भंडारा माखून घेतला. जनाबाई भिंतीला टेकून रडायला लागली.

“आता तीन रोज जड जातील,” द्वारकाबाई तिला म्हणाल्या. आमच्या वर्गातली माणसं हे नेहमी सांगत. “हात थरथरतील, घाम फुटंल. भ्यायचं न्हाई. ती आतनं निघत असती. चौथ्या दिवशी मी येते.”

परतीला फाट्यापर्यंत आम्ही चालत आलो. त्या दोन पावलं मागे चालत होत्या.

“सर, जमलं का वो?”

“उत्तम जमलं.”

त्यांच्या चपलांचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं, तर रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून त्या पदराने डोळे पुसत होत्या. “काही न्हाई,” म्हणाल्या. “चला, एस्टी चुकंल.”

मी त्यांना पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गुण दिले. इतके गुण मी कुणाला दिले नव्हते.

बुधवारी दुपारी वर्ग चालू असताना रामलिंगचा धाकटा भाऊ मोटारसायकलवर आला. दारातूनच म्हणाला, “दादा गेला.”

बोराडे, द्वारकाबाई आणि मी जीपमधून गेलो. ओसरीवर बायका बसल्या होत्या. जनाबाई रडत नव्हती. द्वारकाबाईंना पाहताच तिने त्यांचा हात धरला आणि सगळं नीट, क्रमाने सांगायला लागली. जणू तिची परीक्षा घ्यायला आम्ही आलो होतो.

“सोमवारी लई थरथरला. दीर बाटली घेऊन आला, म्हणला, वैनी, घोटभर दे, मरंल त्यो. पर ह्यानं दात आवळले. म्हणला, भंडारा उचललाय. मंगळवारी भितीवर मुंग्या दिसायल्या त्याला. थापी मागितली. दिली. हवेत गिलावा करत हुता, ताई, दिसभर. सांजच्याला आकडी आली. आज सकाळी पुन्हा दोनदा आली. तुम्ही म्हणला हुता ना, भ्यायचं न्हाई? म्या भ्याले न्हाई. दवाखान्यात न्हेऊ म्हणत हुते सगळे, म्या न्हेऊ दिलं न्हाई. म्हणलं, निघतीया. बरोबर केलं ना म्या?”

द्वारकाबाई जिथे उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या. जनाबाईचा हात त्यांच्या हातातच होता.

संध्याकाळी बोराडेने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर मेंगाणे सोलापूरहून दर शनिवारी केंद्रात येत. मी शेजारी उभा होतो. त्यांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.

“सकाळी हात थरथरणाऱ्याची एकदम तोडली? गोळ्या नाहीत, काही नाही? अहो, वर्षानुवर्षं सकाळपासून पिणाऱ्याची एकदम तोडली तर आकडी येते, भास होतात, माणूस मरतो. त्याला आधी भरती करायचं असतं. हे तुमच्या पुस्तकात आहे की! चौथा धडा.”

मी घरी आलो. चपलाही न काढता मूळ इंग्रजी पुस्तक उघडलं. चौथा धडा. डॉक्टर म्हणाले ते सगळं तिथे होतं. सकाळचं थरथरणं हीच मुख्य खूण, असं होतं. पूर्वी एकदा दारू तुटल्यावर त्रास झाला असेल तर धोका जास्त, असंही होतं. नऊ ओळींचा परिच्छेद. त्याच्या समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह होतं. माझं.

जूनमध्ये तो परिच्छेद वाचून मी अडखळलो होतो. दारू पिऊन माणूस मरतो हे ठाऊक. दारू सोडून कसा मरेल? मला वाटलं, माझंच इंग्रजी तोकडं पडतंय. काहीतरी उलटं वाचतोय मी. डॉक्टरांना विचारावं म्हणून चिठ्ठीवर शंका लिहून खिशात ठेवली. त्याआधी एकदा मी त्यांना एका शब्दाचा अर्थ विचारला होता, तेव्हा ते सगळ्यांसमोर हसून म्हणाले होते, “सर, तुम्ही मानसशास्त्राचेच ना?” त्यांच्या मनात काही नसेल. पण ती चिठ्ठी खिशात घेऊन मी तीन शनिवार त्यांच्या दाराशी उभा राहिलो आणि तीनही शनिवार परत आलो. चौथ्या शनिवारी बोराडे म्हणाला, “सर, झेरॉक्सला द्यायचंय, झालं का?” मी झालं म्हणालो. परिच्छेद गाळला. पानावर जागा रिकामी दिसायला लागली, म्हणून तिथे मी निश्चयाबद्दलचं ते वाक्य घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोराडेच्या खोलीत आम्ही बसलो. डॉक्टर मुद्दाम आले होते. द्वारकाबाईंना खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत.

डॉक्टर कठोर नव्हते. उलट हळूच बोलले. “बाई, मला एवढंच सांगा. हे तुम्हाला वर्गात शिकवलं नव्हतं का?”

द्वारकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, संशय नव्हता. विद्यार्थी एखादी गोष्ट आठवेना म्हणून शिक्षकाकडे बघतो, तशी ती नजर होती.

“शिकवलं असंल, साहेब,” त्या म्हणाल्या. “सर काही सोडत न्हाईत. माझंच ध्यान नसंल.”

“सर?” बोराडे माझ्याकडे वळला.

खोलीत भिंतीवरचं घड्याळ होतं, बाहेर कुणीतरी बादली घासत होतं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या तोंडात तयारही होतं. मी म्हणालो, “बघून सांगतो.”

बोराडेने मान हलवली. त्याला वाटलं, सर बाईंना सांभाळून घेताहेत. पुढे तो म्हणाला, “द्वारकाताई, कुणी तुम्हाला दोष देत नाही. पण या वर्षी प्रमाणपत्र देता येणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसा.”

“नको, दादा,” त्या म्हणाल्या. “माणसाच्या जिवाचं काम हाय. ध्यान नसणाऱ्या बाईनं करू नये.”

त्याच दिवशी मार्गदर्शिकेची आपली प्रत परत करून त्या गेल्या. मी व्हरांड्यात खांबाआड उभा होतो. त्यांनीच मला शोधलं. वाकून पाया पडल्या. मी पाय मागे घेतले.

“सर, पुढच्या वर्गाला तेवढा धडा दोनदा घ्या. माझ्यासारखी असती एखादी.”

पुढच्या वर्गाच्या आधी मी तो परिच्छेद मराठीत केला आणि एका स्वतंत्र पानावर ठळक अक्षरांत छापून घेतला. माझं वाक्य काढून टाकलं. भिंतीवरचंही पुसायला सांगितलं. पहिल्या पुस्तकात हे पान नव्हतं, असं कुणाच्याही ध्यानात आलं नाही. जुन्या प्रती चाळायला कुणाला वेळ होता? बोराडे म्हणाला, “बरं केलंत सर, ठळक केलंत ते.”

दोन वर्षांनी पत्र आलं.

मी केंद्रात जाऊन खरोखरच हजेरीपुस्तक काढलं. का काढलं, सांगता येत नाही. उत्तर मला ठाऊकच होतं. तरी एक वेडी आशा असणार, की चौथ्या धड्याच्या दिवशी त्यांच्या नावापुढे गैरहजेरीची फुली असेल. फुली नव्हती. वर्षभरात एकही नव्हती. पावसाने ओढा भरला होता आणि वर्गात चारच माणसं होती, त्या दिवशीही द्वारका गवसाने हजर.

मी उत्तर लिहायला बसलो. पहिल्या उत्तरात ज्ञानाच्या मर्यादांविषयी दोन पानं झाली, फाडली. दुसऱ्यात डॉक्टरांचं हसणं आलं, तेही फाडलं. तिसऱ्यात मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या होत्या, की वाचणाऱ्या बाईने मलाच धीर द्यायला यावं. तेही फाडलं. मग निवृत्ती आली, मग पत्नीचं आजारपण, मग ती गेली आणि मी सोलापूरला मुलीकडे राहायला आलो. पुस्तकं निम्मी वाटून टाकली. पत्र बरोबर आलं. कधीकधी आठवडेच्या आठवडे ते मी विसरत असे. विसरलो होतो हे आठवलं की चार दिवस अन्न गोड लागत नसे. मग पुन्हा विसरत असे. माणूस असंच जगतो, की मीच असा, मला माहीत नाही.

गेल्या वर्षी केंद्रातून ऋतुजा नावाची एक मुलगी घरी आली. तिथे समुपदेशक आहे. केंद्राला पंचवीस वर्षं होत होती, आणि त्यांना माझा सत्कार करायचा होता. तिने पेढ्यांचा पुडा ठेवला, मार्गदर्शिकेची नवी, रंगीत मुखपृष्ठाची आवृत्ती ठेवली.

“सर, अजून हीच चालते आमच्याकडे. चौथ्या धड्यातलं ते ठळक पान आहे ना, ते आमच्या ताया तोंडपाठ म्हणतात. त्या एका पानाने किती माणसं वाचली असतील, हिशेब नाही. बोराडे सर म्हणतात, सत्काराच्या पत्रात तेच लिहायचं.”

मी विचारलं, “द्वारका गवसाने कुठे असतात, ठाऊक आहे?”

तिला नाव माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं. पण मुलगी चांगली; चौकशी करून दोन दिवसांनी फोन केला.

“भावाच्याच गावी आहेत, सर. पत्ता तोच. पण आमच्या ताई गेल्या तर त्यांनी दारच लावून घेतलं म्हणे. त्या गावात कुणाच्या आजारपणात जात नाहीत. सख्खी भावजय तापाने फणफणली होती, तर पाण्याचा तांब्यासुद्धा शेजारणीकडून देववला. म्हणतात, माझ्या हाताला यश नाही. तुमच्या ओळखीच्या का, सर?”

“माझ्या विद्यार्थिनी,” मी म्हणालो. “आणि सत्काराचं राहू द्या. बोराड्यांना मी लिहितो.”

फोन ठेवला आणि लिहायला बसलो. या वेळी काही फाडलं नाही.

‘श्रीमती द्वारकाबाई गवसाने यांना, नमस्कार. तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर. हजेरीपुस्तक बघितलं. वर्षभरात तुम्ही एकही दिवस चुकवला नव्हता. तो धडा झालाच नव्हता. इंग्रजी पुस्तकात तो होता. मला तो कळला नाही आणि विचारायची लाज वाटली, म्हणून मी तो गाळला. बोराड्यांच्या खोलीत तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, तेव्हा मला हे माहीत होतं. मी बोललो नाही. तुमचं ध्यान होतं. मी जेवढं शिकवलं, तेवढं तुम्ही तंतोतंत केलंत. रामलिंगच्या मरणाचा दोष माझा आहे. हेच मी बोराड्यांनाही कळवत आहे. चूक जनाबाईंचीही नव्हती. त्यांना खरं सांगायला हवं होतं, आणि ते मी सांगितलं नव्हतं, त्या असतील तर एवढं त्यांना कळावं असं मला वाटतं. कळवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. — अच्युत सोवनी.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टात गेलो. रजिस्टरच्या खिडकीशी रांग होती. मुलगी म्हणते, बाबा, कुरियरवाला घरी येतो. पण मला पोस्टच ठाऊक. नंबर आला तेव्हा आतल्या बाईने पाकीट उलटसुलट करून बघितलं.

“आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव कुठाय?”

“आत लिहिलंय.”

“आत लिहून काय उपयोग? बाहेर पाहिजे. पत्र परत आलं तर कुणाच्या दारात टाकायचं?”

राहून गेलं होतं, की मी राहू दिलं होतं, कोण जाणे. माझं मला विचारलं तर मी राहून गेलं असंच सांगेन. मागचा माणूस घड्याळ बघत होता. बाईने स्वतःचं पेन पुढे सरकवलं. मी पाकीट खिडकीच्या फळीवर आडवं धरलं आणि डाव्या कोपऱ्यात लिहिलं : अच्युत गोविंद सोवनी. घरनंबर, पेठ, पिनकोड. सगळं.

तिने पाकिटावर शिक्का मारला आणि मागच्या पिशवीत टाकलं.

“पुढचे,” ती म्हणाली.